आज न्याहारीला काय?

सोमाला जाऊन महिनाही झाला नव्हता, तोच त्याच्या आईनं सुनेजवळ पानगी मागितली. आणि ही गोष्ट उन्हं डोक्यावर यायच्या आत कोंडाणे गावच्या घराघरांत जाऊन पोचली.

साल होतं एकोणीसशे एकोणसाठ. भात कापताना सोमाच्या पायाला विळा लागला. जखम तशी मोठी नव्हती. बांधाकडेच्या पाण्यात त्यानं पाय धुतला, फडकं बांधलं आणि उरलेलं शेत कापून काढलं. पुढच्या आठवड्यात त्याचा जबडा धरला. बैलगाडी जुंपून त्याला कर्जतला नेलं, पण धनुर्वातानं त्याला परत येऊ दिलं नाही. घरात मागं दोघी उरल्या. आई येसूबाई आणि बायको चंद्रभागा.

चंद्रभागा लोधिवलीची. लग्न होऊन आली तेव्हा खळखळून हसणारी, कामाला वाघ. एक मूल झालं होतं, ते नाव ठेवायच्या आधीच गेलं. आता नवरा गेला. माती देऊन माणसं परतली तेव्हा भावकीतल्या दोघीतिघी बायका तिच्या हातातल्या बांगड्या फोडायला पुढं सरसावल्या. येसूबाई उंबऱ्यात बसली होती. ती उठून मधे उभी राहिली.

"जुनं सोडलं म्हणून आपण चारचौघांत सांगितलं ना? मग ते हिच्या हातापासून सोडलं," ती म्हणाली.

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीनच वर्षं झाली होती. पुढं आलेल्या बायका मागं सरल्या. पण चंद्रभागेला त्या बांगड्यांचंही काही वाटेनासं झालं होतं. तिनं भिंतीकडं तोंड करून अंथरूण धरलं. पाणी दिलं तर पिई, नाही दिलं तर मागत नसे. शेजारणी भाकरी आणून ठेवत, ती तशीच वाळून जाई. माहेरचे न्यायला आले, त्यांना तिनं उत्तरही दिलं नाही. येसूबाई एकटी उठे, चूल पेटवी, चहा करी, सुनेच्या उशाशी ठेवी आणि थंड झाला की उचलून नेई. मुलासाठी ती कधी रडली ते कुणाला दिसलं नाही.

आणि मग एका सकाळी तिनं सुनेला हाक मारली.

"चंद्रे, मला पानगी खावीशी वाटते गं."

चंद्रभागेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं मान वळवून बघितलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर, तोंडावर काही नाही.

"माझ्या हातानं नाय होत. पीठ पातळ होतं. तू कर," येसूबाई म्हणाली. "परसात हळदीची पानं हायेत अजून. पिवळी पडायच्या आत आण."

चंद्रभागेच्या अंगात संताप असा उसळला, की त्या संतापानंच ती उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. परसात जाऊन तिनं हळदीची पानं ओरबाडून आणली. तांदळाच्या पिठात मीठ टाकलं, गुळाचा खडा विरघळवला, पानावर पीठ थापलं, वरून दुसरं पान घातलं आणि तव्यावर टाकलं. पान करपायला लागलं तसा घरभर वास सुटला. पानगी तिनं म्हातारीपुढं अक्षरशः आदळली. येसूबाईनं पान सोडवलं, एक घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाली, "मीठ कमी हाय. उद्या बेतानं घाल."

उद्या म्हणजे काय, हे चंद्रभागेला दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला ताकातली उकड हवी झाली, तीही लसूण ठेचून घातलेली. ताक धर्माजीच्या घरून आणायला लागणार. धर्माजी सोमाचा चुलत चुलता; त्याचं घर वाडीच्या पार टोकाला. म्हणजे अंगणातून निघून, सगळ्यांच्या दारांवरून, लोकांच्या नजरा झेलत जाणं आलं. चंद्रभागा गेली. मग कण्यांची खिचडी झाली. मग शेवग्याचा पाला घातलेली भाकरी, मग नाचणीचं आंबील. एक दिवस येसूबाईला करांदे उकडून हवे झाले. करांदे रानात, डोंगराच्या अंगाला. ते ठाकूरवाडीतली सोनुबाई आणायची. तिच्याकडं जायचं तर घोटाभर पाणी ओलांडून चढण चढायला लागे.

गावानं तोंड सोडलं. पोरगा गेला आणि म्हातारीला जिभेचे चोचले सुचतायत, असं विहिरीवर बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणे, सून बिचारी दुःखात आणि ही तिला दासीसारखी राबवते. कुणी म्हणे, येसूचं काळीजच दगडाचं. धर्माजीनं तर दारात उभं राहून सुनावलं, की वहिनी, वयाला शोभेल असं वागा. येसूबाई ऐकून घेई. आणि संध्याकाळी चूल विझवताना सुनेला विचारी, उद्या काय करशील गं?

सुरुवातीला चंद्रभागा रागानं करी. मग सवयीनं करू लागली. आणि मग कधीतरी, तिला स्वतःलाही न कळता, ती मनानं करू लागली. निजताना डोळ्यांपुढं सोमाचा आवळलेला जबडा यायचा, तिथं आता अधूनमधून दुसरा विचार येई. घरात वाल भिजत घातलेत, त्यांना मोड येतील. ते कण्यांत घातले तर? फणसाच्या आठळ्या राखेत पुरून ठेवल्यात, त्या उकडून ठेचून भाकरीच्या पिठात मळल्या तर? घरात जिन्नस म्हणाल तर भात, थोडी नाचणी, परसातलं जे काय असेल ते आणि सुकट. तेल सणासुदीला. पण तेवढ्यातून ती रोज काहीतरी निराळं काढी. लाल भोपळा किसून घावनाच्या पिठात घातला, तेव्हा घावन असं केशरी निघालं, की तिनं ते तव्यावरून काढून उजेडात धरून बघितलं. उन्हाळ्यात सोनुबाईनं वाळवलेली मोहाची फुलं दिली, ती तिनं तिळाबरोबर भाजून कुटली आणि भाकरीत भरली. पहिली भाकरी फुटली, दुसरी करपली, तिसरी जमली. चौथी तिनं स्वतः खाल्ली. चुलीपुढं बसून, तोंड भरून, एकटीनं. येसूबाई तेव्हा पाठमोरी बसून सुपात तांदूळ पाखडत होती. ती वळली नाही.

वर्ष गेलं, दोन गेली. विहिरीवरच्या बोलण्याचा रंग पालटला. "चंद्रभागा, काल तुझ्याकडनं कसला वास येत होता गं?" असं विचारायला बायका येऊ लागल्या. लावणीच्या दिवसांत माणसं पहाटे शेतात उतरायची, ती शिळी भाकरी आणि काळा चहा घेऊन. चंद्रभागेनं एकदा पडकईला, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं राबायला, आलेल्या सगळ्या बायकांना केळीच्या पानात काकडी किसून घातलेली पानगी नेऊन दिली. बांधावर बसून, चिखलाचे हात पाण्यात बुचकळून त्यांनी ती खाल्ली. त्यानंतर लावणी असली की धर्माजीसुद्धा हळूच विचारी, न्याहारी चंद्रभागेकडची हाय ना?

येसूबाईचं मात्र तेच. आज मीठ कमी. आज बरं झालंय. आज कालच्यापेक्षा चांगलं. एकदा चंद्रभागा गूळ घालायचाच विसरली, आणि म्हातारीनं "गोड झालंय" म्हणून पानगी संपवली. सासू आपली चूक पोटात घालते असं समजून चंद्रभागा वरमली. चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला तरी म्हातारी शेजारी बसून राही, हेही तिनं पाहिलं होतं. वय झालं, लक्ष लागत नाही, एवढंच तिला वाटलं.

मग एका उन्हाळ्यात येसूबाईची धाकटी बहीण गंगाबाई शेलूहून चार दिवस राहायला आली. दुपारी येसूबाई पडली होती. गंगाबाई आणि चंद्रभागा पडवीत वाल सोलत बसल्या. बोलता बोलता चंद्रभागा कौतुकानं म्हणाली, की आत्याबाईंची जीभ भारी चोखंदळ, मिठाचा एक खडा कमी पडला तरी त्यांना कळतं.

गंगाबाईचा हात थांबला.

"कुणाची जीभ? येसूची?" ती म्हणाली. "अगं, तिला कुठं चव कळते? सोमा पोटात होता तवा मोठा ताप आला तिला. जगली हेच खूप. पर त्या तापात वास गेला नि चव गेली, ती आली नाय परत. डोळे मिटून चिंच दे नाय तर गूळ दे, तिला दोनी सारखंच. तुला सांगितलं नाय तिनं?"

वालाच्या शेंगा तशाच ठेवून चंद्रभागा उठली आणि परसात गेली. हळदीच्या वाफ्याशी बराच वेळ उभी राहिली. पहिल्या पानगीपासूनची एकेक सकाळ तिच्या डोळ्यांपुढून गेली. धर्माजीच्या घरापर्यंतची ती वाट, सोनुबाईकडची चढण, रागानं आदळलेली ताटली. विहिरीवर ती स्वतःही एकदोनदा म्हणाली होती, की म्हातारी फार छळते. ते आठवलं तशी ती वाफ्याच्या कडेला मटकन बसली आणि रडली. सोमा गेल्यावर ती अशी रडली नव्हती.

पण आत जाऊन तिनं सासूला काही विचारलं नाही. ती विचार करत राहिली तो वेगळाच. ज्या माणसाला गोड नाही, आंबट नाही, वास नाही, त्याला न्याहारीत द्यायचं तरी काय?

दुसऱ्या दिवसापासून चंद्रभागेचं रांधणं बदललं. ती आता चाखून बघेना, बोटांनी चाचपून बघू लागली. घावनाला जाळी पडली की त्याच्या कडा तिनं मुद्दाम कडक होऊ द्यायच्या आणि मधला भाग लुसलुशीत ठेवायचा. कढत पेजेत गार दह्याची कवडी सोडायची. उकडीत आल्याचे बारीक तुकडे, म्हणजे घशाला चटका बसेल. हिरव्या मिरचीचा झटका चव नसलेल्या जिभेलाही लागतोच, हे तिनं आपल्या मनानंच ताडलं. नव्या भाताच्या लाह्या फोडून त्या अगदी शेवटच्या क्षणी गुळाच्या पाण्यात टाकायच्या, मऊ पडायच्या आत म्हातारीच्या हातात द्यायच्या.

आणि एका सकाळी तिनं सुका बोंबील निखाऱ्यावर भाजला, कुरकुरीत झाल्यावर हातानं चुरला, आणि मऊ गरम तांदळाच्या भाकरीत घालून सासूपुढं ठेवला. येसूबाईनं घास घेतला. चावली. थांबली. मग पुन्हा चावली.

"आज तोंडात कायतरी वाजलं गं," ती म्हणाली.

चंद्रभागा चुलीकडं बघत राहिली. येसूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं.

"गंगी बोलली वाटतं."

"तुमी मला फसवलंत, आत्याबाई."

"मंग काय करू?" येसूबाईनं भाकरी खाली ठेवली. "पोरगा गेला, आणि त्याच्या मागं तू बी निघालीस. मला मोठं बोलाया येत नाय. समजावता येत नाय. भूक लागली, एवढंच मला बोलता आलं."

"आणि गाव काय काय बोललं तुमाला."

"गावाला बोलाया कायतरी लागतंच. तरणी बाई एकटी उरली की तिच्यावर बोलतात. माझ्यावर बोलत बसले, तेवढी तू सुटलीस."

चंद्रभागेनं चुलीत लाकूड सारलं आणि भलताच प्रश्न विचारला. "मग मीठ कमी हाय, असं कशावरनं म्हणायचात?"

"तुझ्या तोंडावरनं," येसूबाई म्हणाली. "मनापासून केलं नसलंस की दिसायचं. तवा मीठ कमी."

दोघी हसल्या. हसता हसता चंद्रभागा सासूच्या पायांशी वाकली, तशी येसूबाईनं तिला खांद्याला धरून वर उठवलं, आणि बोंबील अजून हाय का म्हणून विचारलं.

नंतर येसूबाईनंच एकदा दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. आपल्यात पाट लावायची रीत आहे, तू तरणी आहेस, मनात असेल तर मी आई होऊन तुझं लग्न लावीन, असं तिनं स्वच्छ सांगितलं. चंद्रभागेनं विचार करायला वेळ घेतला. मग नाही म्हणाली. कुणाच्या धाकानं नाही. तिचं तिलाच नको होतं.

गावातला रामभाऊ मॅट्रिक होऊन कर्जतला मुलींच्या एका वसतिगृहावर देखरेखीला लागला होता. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास तो एक दिवस घरी आला. तिथं लहान लहान पोरी येतात, खालापूरकडच्या, डोंगरातल्या, आणि सकाळी काही खात नाहीत, उपाशी शाळेत जातात, असं त्यानं सांगितलं. रेशनवर भात पुरेसा मिळत नाही, लाल मिलो, ती अमेरिकेतून येणारी ज्वारी, मिळतो, आणि भातावर वाढलेल्या पोरी त्या लाल भाकरीला हात लावत नाहीत. चंद्रभागावहिनी येतील का, असं त्यानं विचारलं, तेव्हा चंद्रभागा सासूकडं बघू लागली. येसूबाई तोवर आत जाऊन तिचं लुगडं घडी करायला लागली होती.

"मी बी येणार," ती आतून म्हणाली. "हिकडं एकटी काय करू?"

शेत अर्धेलीनं धर्माजीकडं गेलं आणि दोघी वसतिगृहाच्या मागच्या खोलीत राहायला आल्या.

त्या लाल मिलोनं चंद्रभागेला चांगलंच दमवलं. भाकरी जाड, रुक्ष. पोरी ती खिडकीतून कावळ्यांना टाकत. तिनं दाणे भिजवून बघितले, भरडून बघितले. शेवटी आधी भाजून, बारीक दळून, त्यात तांदळाचं पीठ मिसळून रात्रभर आंबवलं, तेव्हा घावनं जमली. तपकिरी, जाळीदार, कडेला कुरकुरीत. त्यावर गुळाचं पाणी आणि तीळ. पोरींनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. रेशनच्या गव्हाचा तिनं सांजा केला, उरलेल्या भाताला लसणीची फोडणी देऊन त्यात कोवळा पाला घातला. बाजारातून भाजी आली की तिची देठंही ती वाया जाऊ देईना.

येसूबाई पंगतीच्या टोकाला, दाराशी बसायची. तिला काम कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं ते शोधून काढलं. खाणाऱ्या पोरीला ती जवळ बोलवी आणि विचारी, "कसं लागतं सांग. मला कळत नाय." पोरींना आधी गंमत वाटली. मग त्यांच्यात चढाओढ लागली. गोड, तिखट, छान, असं बोललेलं म्हातारीला चालत नसे. नीट सांग, म्हणायची. कुणी सांगे, आजी, हे आधी खारट लागतं आणि मग नाकात जातं. कुणी सांगे, जीभ टाळ्याला चिकटते. येसूबाई मान हलवत ऐकायची, जणू प्रत्येक शब्द चावून गिळते आहे.

जना नावाची एक पोर त्या वर्षी नवी आली होती. आई नव्हती. महिनाभर तिनं कुणाशी शब्द काढला नव्हता. ताटातलं चिवडून ठेवी. श्रावणात चंद्रभागेनं आंबाडीचा पाला घालून कण्या केल्या. येसूबाईनं जनाला हात धरून शेजारी बसवलं आणि तोच प्रश्न विचारला. बाकीच्या पोरी दप्तरं घेऊन निघून गेल्या, तरी दोघी बसून.

"आंबट हाय," जना शेवटी म्हणाली. तिनं अजून एक घास खाऊन बघितला, खात्री करायला. "पर आंबट संपल्यावर मागं थोडं गोड राहातं. लगेच कळत नाय. थांबायला लागतं."

"किती थांबायला लागतं?" येसूबाईनं विचारलं.

जनानं पुन्हा घास घेतला, डोळे मिटले, आणि गोडवा आल्यावर म्हातारीचा हात दाबला. येसूबाईनं चंद्रभागेकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. त्या दिवशी जनानं ताट चाटूनपुसून ठेवलं, आणि नंतर तिच्या बडबडीचा सगळ्यांना वैताग येऊ लागला.

येसूबाई चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात गेली. सकाळी उन्हात बसली होती, पोरींच्या वेण्या घालून झाल्या होत्या. बसल्या जागी मान कलली. कोंडाण्याहून माणसं आली. त्यांत लोकांपुढं सुनावणारा धर्माजीही होता, काठी टेकत आलेला. जाताना तो चंद्रभागेला म्हणाला, की मी वहिनीला बोललो ते तिनं कधी मनात धरलं नाही, माझ्या मात्र राहिलं. चंद्रभागेनं त्याला चहा दिला.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती, की पुन्हा ते अंथरूण, ती भिंत. तसं झालं नाही. दुःख झालं, खूप झालं, पण पोरी उठायच्या आत चूल पेटवायची होती. राखेतून निखारा काढताना तिला म्हातारीचे हात आठवले, आणि आठवण आली तशी आपल्याला किती मिळालं होतं हेही तिला उमगलं. जन्म दिलेल्या आईनं माहेरी नेऊन रडू दिलं असतं. या बाईनं स्वतःचा पोटचा गोळा मातीत घालून, वर गावाच्या शिव्या खाऊन, परक्या घरच्या लेकीला चुलीपाशी परत आणलं होतं. चंद्रभागा हे कुणाला फारसं बोलून दाखवत नसे. पण नवी पोर रडत आली की ती तिला समजवायला जात नसे. तिच्या हाताला काहीतरी काम लावी, वाल सोलायला बसवी, आणि शेजारी बसे.

चौऱ्याऐंशी साली ती कामावरून उतरली. पोरींनी वर्गणी काढून साडी आणली होती. रामभाऊ, आता केस पिकलेला, चार शब्द बोलला. चंद्रभागेला बोल म्हणाले तेव्हा ती म्हणाली, की साडी छान आहे, पण मला एकदा पंगतीत बसायचंय. इतकी वर्षं वाढलं, बसले कधीच नाही.

मग पोरींनी तिला मधोमध बसवलं. त्यांनी पोहे केले होते. भिजले होते जास्त, शेंगदाणे काळे पडले होते, आणि वाढताना एकीनं तिच्या पदरावर निम्मे सांडले. चंद्रभागेनं पदर झटकला, ताट पुढं केलं आणि अजून घेतले. शेजारची पोर तिला चिकटून बसली होती. पलीकडची सांगत होती, की मावशी, लिंबू पिळा, लिंबानं बरे लागतात. तिनं लिंबू पिळलं. सावकाश, पोट भरेपर्यंत खाल्लं. दुपारी कोंडाण्याकडं निघालेल्या टेंपोत रामभाऊनं तिची ट्रंक चढवून दिली, आणि पोरी वळणापर्यंत टेंपोच्या मागं पळत आल्या.